हिडकल जलाशय: मासा कुठे थांबतो आणि होडी कुठे आपटते, हे एकाच नकाशावर

घटप्रभाकाठ (संकेश्वर)

नमस्कार मंडळी. बेळगाव, निपाणी आणि गडहिंग्लज भागातून हिडकलच्या जलाशयावर गळ टाकायला येणारे बहुतेक जण दोन प्रश्न विचारतात: मासा कुठे लागतो, आणि होडी घेऊन किती आत जावे. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच अभ्यासातून मिळते, असे माझे ठाम मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. बुडालेला उंचवटा, जुन्या विहिरीचा कठडा, शेताचा दगडी बांध, ओढ्याचे पात्र नदीला मिळते ती जागा, अशा ठिकाणी मासा आडोसा आणि खाद्य शोधतो. आणि त्याच उंचवट्यावर, त्याच कठड्यावर होडीचा तळ घासतो किंवा इंजिनचा पंखा मोडतो. पाण्याखालची जमीन ज्याला पाठ आहे, त्याला मासाही सापडतो आणि परतीची वाटही.

घटप्रभा नदीवरचे हे धरण राजा लखमगौडा जलाशय या नावाने ओळखले जाते. पूर्ण भरलेल्या जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फूट असून साठवण क्षमता सुमारे ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास धरण भरत येते, पुढे कालव्यांना पाणी सुटते आणि मे अखेरीस पातळी तळाला जाते. म्हणजे वर्षभरात काठ एका जागी राहतच नाही. सप्टेंबरात जिथे आपण होडीतून गेलो, तिथे मे महिन्यात गुरे चरत असतात.

म्हणून पातळीचा हिशेब शिकणे ही पहिली पायरी आहे. समजा, एका खडकाळ टेकाडाचा माथा २१५० फुटांवर आहे. धरण भरलेले असताना त्याच्यावर पंचवीस फूट पाणी असते, होडी बिनघोर जाते आणि टेकाडाच्या उतारावर रोहू चांगला लागतो. पातळी २१५३ वर आली की तेच टेकाड पाण्याखाली जेमतेम तीन फूट असते, वरून काहीही दिसत नाही आणि सगळ्यांत धोक्याचा काळ तोच असतो. २१४८ ला ते बेट होऊन उघडे पडते आणि धोका पुन्हा कमी होतो. जागा एकच आहे, परंतु तिचा अर्थ पातळीनुसार बदलतो. जलाशयांची रोजची पातळी कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र प्रसिद्ध करते आणि पावसाळ्यात आपली स्थानिक वृत्तपत्रेही छापतात. पातळी पाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालू नये, असा नियम प्रत्येकाने स्वतःला घालून घ्यावा.

माहितगारांनी आपापली भर घालावी, ही विनंती.

तवंदीघाट (निपाणी)

काका, धागा फार उपयोगी आहे. हुन्नूरचे विठ्ठल मंदिर पाणी ओसरले की उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात, हे आम्ही ऐकून आहोत. मंदिराबद्दल सगळ्यांना ठाऊक असते, परंतु बाकीची बुडालेली घरे, विहिरी, रस्ते यांचा पत्ता नव्या माणसाला कसा लागावा? शिवाय आमच्याकडे मासा शोधणारे यंत्र नाही. त्यावाचून खोली समजण्याचा काही उपाय आहे का?

भूगोलाचा_तास (खानापूर)

तवंदीघाट दादा, यासाठी तीन साधने आहेत आणि तिन्ही एकत्र वापरल्यास पुष्कळ काम भागते.

पहिले साधन उपग्रहाची चित्रे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रह जोडीची चित्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात, त्यात दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि साधारण पाच दिवसांनी त्याच जागेचे नवे चित्र येते. एप्रिल-मे महिन्यांतले ढगविरहित चित्र घ्यावे आणि शेजारी सप्टेंबर-ऑक्टोबरचे चित्र ठेवावे. उन्हाळी चित्रात नदीचे जुने वळण, ओढ्यांचे फाटे, बुडालेल्या रस्त्यांच्या सरळ रेघा आणि उघडी पडलेली टेकाडे स्पष्ट ओळखू येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चित्राची तारीख आणि त्या दिवशीची जलाशयाची पातळी यांची सांगड घातली की पाण्याची कड हीच त्या उंचीची समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा, होते. निरनिराळ्या पातळ्यांची अशी काही चित्रे एकावर एक ठेवली की जलाशयाच्या उताराचा नकाशा घरबसल्या तयार होतो. भूगोलात आपण समोच्चरेषा शिकवतो, पण त्या प्रत्यक्ष पाण्याने आखलेल्या दाखवायच्या तर यापेक्षा चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यात मिळणार नाही.

दुसरे साधन भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे. धरण होण्यापूर्वीच्या, एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या नकाशांवर पन्नास फुटांच्या अंतराने समोच्चरेषा असत आणि गावठाण, विहिरी, देवळे, पायवाटा दाखवलेल्या असत. असा नकाशा एखाद्या ग्रंथालयात पाहायला मिळाला, तर बुडालेल्या गावाची जागा नेमकी कळते.

तिसरे साधन स्वतःचे पाय. मे महिन्यात कोरड्या काठावरून चालावे आणि दिसेल ते मोबाईलमध्ये खूण करून ठेवावे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, परंतु पाण्याजवळ त्याखाली ओला लगदा असतो आणि त्यात मांडीपर्यंत पाय जाऊ शकतो. हातात काठी असावी, पुढे टोचून पाहावे आणि एकट्याने जाऊ नये.

खोली मोजण्यासाठी यंत्र असलेच पाहिजे असे नाही. दोरीला वजन बांधून वाव-वावावर (दोन्ही हात पसरल्याइतक्या अंतरावर) रंगीत चिंध्या बांधल्या की ओळंबा तयार होतो. वजनाच्या बुडाला थोडे मेण किंवा साबण चोपडल्यास तळाची वाळू, माती किंवा बारीक खडे त्याला चिकटून वर येतात आणि तळ कशाचा आहे हेही समजते. नकाशा आणि ओळंबा जिथे एकच गोष्ट सांगतील, ती जागा पक्की धरावी.

जाळं_आणि_जगणं (हुक्केरी तालुका)

सगळ्यांना नमस्कार. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालत आली आहे, म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

नकाशाबद्दल ताईंनी लिहिले ते योग्य आहे, परंतु जुन्या नकाशात गाळ नसतो. इतक्या वर्षांत ओढ्यांच्या मुखाशी आणि वरच्या अंगाला बराच गाळ बसला आहे, त्यामुळे नकाशावर खोल दिसणारी जागा प्रत्यक्षात उथळ निघू शकते. ओळंब्याची साक्ष नकाशापेक्षा मोठी मानावी.

माशाची जागा त्याच्या तोंडावरून ओळखता येते. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते, कारण तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले असते आणि तो तळाशी चरतो. म्हणून कटल्यासाठी तळाला गळ सोडून बसणे व्यर्थ आहे. तिथे तरंगाखाली थोड्याच खोलीवर आमिष ठेवावे लागते. भाजलेली शेंगदाण्याची पेंड आणि कणीक यांचा गोळा कटल्या-रोहूला चालतो, मृगळाला गांडूळ लावावे. शिंगाळा अंधार पडल्यावर जुन्या पात्राच्या खोल कडेने फिरतो. वाम दगडांच्या फटीत असते, त्यामुळे वाम लागते ती जागा होडीसाठी वाईट, हे समजून घ्यावे. चिलापी उथळ काठाला सगळीकडे आहे आणि मुलांना गळ शिकवायला तोच मासा बरा.

मरळ गवताळ, शांत, उथळ पाण्यात राहते आणि हवा घेण्यासाठी वर येते, तेव्हा तिचा बुडबुडा दिसतो. पाण्यावर तांबूस पिल्लांचा पुंजका हलताना दिसला, तर खाली आई-बाप राखण करत असतात. त्या वेळी तिथे गळ टाकू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. पालक गेले की तो सगळा पुंजका इतर मासे खाऊन टाकतात.

पाणी चढत असताना नवे गवत आणि माती पाण्याखाली जाते, किडे व गांडुळे सुटतात आणि मासा काठाला येतो. पाणी उतरत असताना तोच मासा काठ सोडून पहिल्या खोल पायरीवर जातो. उतरत्या पाण्यात काठावर बसून राहणाऱ्याला काही मिळत नाही, याचे कारण हे आहे.

आता परवानगीविषयी. जलाशयातील मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवान्याखाली चालते आणि सहकारी संस्थांच्या सभासदांचे पोट त्यावर आहे. येण्यापूर्वी खात्याच्या कार्यालयात आणि स्थानिक मच्छीमारांकडे चौकशी करावी. पावसाळ्याच्या तोंडाला मासा अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतो. त्या बंदीच्या काळात कोणीही येऊ नये. स्फोटके किंवा विष टाकून मासे मारण्यावर तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, तसे कुठे दिसल्यास ताबडतोब कळवावे.

पाण्यावर ओळीने प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे तरंगताना दिसले, तर खाली जाळे उभे आहे असे समजा. दोन बाटल्यांच्या मधून होडी काढू नका. ओळीचे टोक शोधून वळसा घाला. पंख्यात जाळे गुंतले की आमचे जाळे जाते आणि तुमचे इंजिन बंद पडते, आणि वारा सुटलेला असेल तर बंद इंजिनाची होडी कुठे जाईल हे सांगता येत नाही.

हलकर्णी_फाटा (चंदगड तालुका)

वरच्या अंगाबद्दल थोडे लिहितो. घटप्रभा आणि ताम्रपर्णी या दोन्ही नद्या आमच्या चंदगड तालुक्यातून वाहत येऊन एकत्र होतात आणि पुढे दड्डीच्या बाजूने हिडकलच्या फुगवट्यात (धरणामुळे मागे तुंबलेल्या पाण्यात) उतरतात. घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड पडतो, हुक्केरीकडे त्याच्या तुलनेत फारच कमी. त्यामुळे हिडकलवर आकाश निवळलेले आणि ऊन पडलेले असतानाही पाणी चढत असू शकते. आमच्याकडील फाटकवाडी, जंगमहट्टी, जांबरे ही धरणे भरून सांडव्यावरून वाहू लागली की खाली येणारा लोंढा झाडाच्या फांद्या आणि ओंडके घेऊन येतो. फुगवट्याच्या अरुंद भागात त्या दिवसांत होडी घालणे टाळावे. चंदगडच्या पावसाची बातमी पाहिल्याशिवाय हिडकलच्या पाण्याचा अंदाज बांधू नये, असे मी म्हणेन.

वरच्या खडकाळ, वाहत्या भागात कधी महाशीर लागतो. तो सोडून द्यावा. ओल्या हाताने धरावा, पाण्याबाहेर जास्त वेळ ठेवू नये आणि प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः निसटेपर्यंत आधार द्यावा.

शहापूरची_वेस (बेळगाव)

आतापर्यंतची चर्चा वाचून शिकायला मिळाले. मला वाऱ्याबद्दल विचारायचे आहे. सकाळी पाणी आरशासारखे असते आणि दुपारी परत येताना लाटा होडीत येतात. अशा वेळी काय करावे? दुसरे असे की, आमच्या गटातील चांगले पोहणारे लोक लाइफ जॅकेट घालत नाहीत. त्यांना काय सांगावे?

घटप्रभाकाठ (संकेश्वर)

ताई, प्रश्न अगदी योग्य वेळी विचारलात, कारण वारा हाच या धाग्याचा उरलेला अर्धा भाग आहे.

लाटेची उंची वाऱ्याच्या जोरावर अवलंबून असते, तशीच वाऱ्याला पाण्यावरून किती लांब धाव मिळते यावरही असते. जलाशयाच्या लांबीच्या दिशेने वारा वाहू लागला की पलीकडच्या टोकाला लाटा मोठ्या होतात, आणि आडव्या दिशेच्या वाऱ्याने मात्र तेवढ्या होत नाहीत. वारा ज्या काठावर आदळतो तिथे पाण्यातले बारीक खाद्य जमते, त्यामागे मासा येतो, आणि म्हणून गळवाल्यांना तो काठ खुणावतो. परंतु इंजिन बंद पडल्यास होडी त्याच काठाच्या खडकांवर ढकलली जाते. त्या काठाचा मासा हवा असेल तर होडी दूर आडोशाला लावून जमिनीवरून चालत जावे आणि काठावरून गळ टाकावा.

सकाळी निघतानाच वाऱ्याविरुद्ध जावे, म्हणजे दमलेले असताना परतीला वारा पाठीशी असतो. लाटा वाढल्यास होडी लाटेला आडवी घालू नये. पुढचे टोक किंचित तिरके ठेवून सावकाश चालवावे आणि सगळ्यांनी तळाशी बसावे. हरिगोलासारखे गोल साधन वाऱ्यात दिशा धरत नाही, ते गिरक्या घेते, म्हणून ते काठालगतच वापरावे. पुराच्या वेळी आपल्याकडे गुळाच्या काहिलीतून माणसे नेली गेली आहेत हे खरे, पण तो नाइलाज होता, हौसेने काहिलीत बसून गळ टाकायला जाऊ नये.

एप्रिल-मे मधला वळीव वेगळा आणि अधिक घातक. दुपारनंतर ढग चढतात, क्षणभर वारा पडतो आणि मग धुळीसकट झोत येतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा पाण्यावर थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत पाण्यात जाऊ नये. एकट्या झाडाखाली उभे राहण्यापेक्षा गाडीत काचा लावून बसणे सुरक्षित आहे. कार्बन फायबरची गळकाठी विजेची चांगली वाहक असते, ती आडवी ठेवावी. जॅकवेलकडे (पाणी उपसण्याच्या विहिरीकडे) जाणाऱ्या वीजतारांखालून जातानाही ती उभी धरू नये.

पोहणाऱ्यांना एवढेच सांगा: होडी उलटताना डोक्याला मार लागला तर पोहता येत नाही, आणि पाण्यावरून काठ असतो त्यापेक्षा जवळ भासतो. जॅकेट अंगात घालून सगळे बंद आवळलेले असावे, बुडाखाली गादी म्हणून ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग होत नाही. होडी उलटली तरी बहुधा तरंगत राहते, म्हणून तिला धरून राहावे आणि काठाकडे पोहत सुटू नये. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी. किनाऱ्यावरच्या एका माणसाला कोणत्या बाजूला जाणार आणि किती वाजता परतणार हे सांगून ठेवावे आणि वेळ टळून गेल्यास त्याने ११२ ला फोन करावा, असे ठरवूनच निघावे.

तवंदीघाट (निपाणी)

काका, हिवाळ्यात पहाटे धुके पडते तेव्हा काठ दिसत नाही. मोबाईलचा नकाशा पुरेसा आहे का? आणि बुडालेल्या झाडांमध्ये नांगर टाकावा का?

भूगोलाचा_तास (खानापूर)

नकाशाचे उत्तर मी देते. जीपीएसला मोबाईलचे नेटवर्क लागत नाही, ते थेट उपग्रहांचे संकेत घेते. मात्र नकाशा घरूनच उतरवून घेतलेला असावा, नाहीतर कोऱ्या पडद्यावर फक्त ठिपका दिसतो. जाताना आपला मार्ग नोंदवत राहावा, म्हणजे धुक्यात त्याच रेषेवरून परतता येते. मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा. तरीही साधे होकायंत्र जवळ ठेवावे आणि ते इंजिन व लोखंडी नांगरापासून दूर धरावे. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांत फरक फार थोडा आहे, त्यामुळे हिशेब न करता वापरता येते.

उघड्या दिवशी दोन खुणांची पद्धत शिकून घ्यावी. काठाजवळचे एक झाड आणि त्यामागचा दूरचा डोंगरमाथा एका रेषेत आणावेत. दुसऱ्या बाजूला अशीच आणखी एक जोडी निवडावी. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळतात ती जागा एकच असते. मासा लागलेली जागा अशी लक्षात ठेवता येते आणि बुडालेला कठडाही तसाच टाळता येतो. धुके असेल तर मात्र ऊन वर येईपर्यंत काठावर थांबणे हाच उपाय आहे.

जाळं_आणि_जगणं (हुक्केरी तालुका)

बुडालेल्या झाडांत मासा असतो, नांगर मात्र तिथे अडकतो. नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकाला बांधावा. मागे बांधल्यास लाट मागून आत येते. दोरी खोलीच्या चार-पाच पट सोडावी. नांगर अडकला तर सगळ्यांनी एका बाजूला वाकून हिसके देऊ नयेत, त्यात होडी कलते. हाताशी सुरी ठेवावी आणि दोरी कापून टाकावी. झाडांजवळ थांबायचेच असेल तर नांगराऐवजी दोरीचा साधा फास खोडाला घालावा, तो एका ओढीत सुटतो.

शहापूरची_वेस (बेळगाव)

शेवटचा प्रश्न. हिडकल लांब पडते त्यांनी राकसकोप किंवा धुपदाळला गेले तर चालेल का?

घटप्रभाकाठ (संकेश्वर)

ताई, मार्कंडेय नदीवरचे राकसकोप हे बेळगाव शहराचे पिण्याचे पाणी आहे, तिथे होडी आणि आमिष नेण्याचा विचारही नको. धुपदाळचा बंधारा घटप्रभा पक्षी अभयारण्यात येतो. तिथे दुर्बीण न्यावी, गळ नेऊ नये. मलप्रभेवरचा नविलुतीर्थाचा रेणुकासागर मोठा आहे, सौंदत्तीच्या बाजूला उघडा माळ असल्याने वारा अडत नाही, म्हणून वर लिहिलेली वाऱ्याची काळजी तिथे अधिक घ्यावी. कृष्णेच्या पात्रात सांगलीपासून खाली आपल्या सीमाभागापर्यंत मगरींचा वावर आहे, तिथे काठावर पाण्यात पाय सोडून बसू नये. कोणत्याही धरणाच्या भिंतीजवळ, दरवाज्यांसमोर, जॅकवेलच्या तोंडाशी आणि खाली विसर्ग सुटतो त्या पात्रात जाऊ नये.

येत्या मे महिन्यात पातळी खाली गेली की हिडकलच्या उत्तर काठाने चालत विहिरी, कठडे आणि टेकाडे नोंदवण्याचा विचार आहे. येऊ इच्छिणाऱ्यांनी येथे लिहावे. प्रत्येक नोंदीबरोबर तीन गोष्टी हव्यात: जागेचे अक्षांश-रेखांश, त्या दिवशीची जलाशयाची पातळी, आणि त्या वस्तूचा माथा पाण्यापासून किती फूट वर आहे. पातळीत ते फूट मिळवले की माथ्याची उंची मिळते, आणि ती एकदा हाती आली की पुढे कोणत्याही दिवशी त्या जागेवर किती पाणी आहे हे घरूनच काढता येते.